इंद्रायणीकाठची मोजणी : पिंपरी-चिंचवडमधला केबल टीव्ही अ‍ॅनालॉगकडून डिजिटलकडे

माझ्याकडे दोनशे पानांची एक वही आहे. वर खाकी कव्हर, आत पट्टीने आखलेले रकाने : नाव, महिना, जमा, बाकी. नावाच्या रकान्यात खरी नावे थोडी. ‘गिरणीवाले’, ‘मास्तर’, ‘दूधवाला मागची खोली’, ‘बिहारी वरचा मजला’, ‘टेल्को मामा’. काही नावांपुढे पेन्सिलीने ४ किंवा ६ असे लिहून त्याभोवती गोल केलेला आहे. मोशीतल्या एका केबलचालकाची ही वसुलीची वही. पहिले पान २०११ च्या दिवाळीनंतरचे, शेवटचे मार्च २०१३ चे. तो ती रद्दीत घालणार होता. मी मागून घेतली.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. आयटीआय करून भोसरीत मेंटेनन्सच्या कामाला लागलो आणि १९८९ पासून संध्याकाळच्या वेळी टीव्ही दुरुस्त करत आलो. टीव्हीच्या पाठीमागे काय असते ते मला आधी कळले, राजपत्र कसे वाचायचे ते फार नंतर. पण ही वही हातात आल्यावर लक्षात आले की, आपल्या भागात अ‍ॅनालॉग जाऊन डिजिटल आले त्याची हकीकत आपण चुकीची सांगतो. आपण म्हणतो, ‘चित्र स्वच्छ झाले, चॅनेल वाढले.’ झाले, वाढले. पण कायदा झाला तो चित्रासाठी नव्हे, मोजणीसाठी झाला. घरे किती, तारा किती, पैसे किती, याचा आकडा ज्या वहीत होता तिथून तो काढून घेण्यासाठी. आणि ही मोजणी आमच्याकडे इंद्रायणीच्या पुलावर येऊन काही वर्षे थांबली.

थोडे मागे जाऊ. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुण्याकडे दिसू लागले. कार्यक्रम मुंबईचेच, गडावरून फक्त पुन्हा सोडलेले. सिंहगड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरहून उंच आणि पिंपरीपासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटर दक्षिणेला. त्यामुळे आमच्याकडच्या झाडून साऱ्या अँटेना दक्षिणतोंडी. अजमेरा, संत तुकारामनगर, एचए कॉलनी, कुठेही गच्चीवर चढा, अ‍ॅल्युमिनियमच्या काड्या एकाच दिशेला. चाकणला हेच अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या घरात जाते. तिकडे बांबू उंच लागे आणि अँटेनाखाली बूस्टर बसवावा लागे.

अ‍ॅनालॉग म्हणजे काय हे मी गिऱ्हाइकांना असे सांगत असे : चित्रात जिथे उजेड, तिथे लहर एका मापाची; जिथे अंधार, तिथे दुसऱ्या मापाची. चित्राचा चढउतार लहरीच्या चढउतारात जसाच्या तसा. आपल्याकडची पद्धत ‘पाल’ : एका चित्रात ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रे. लहर अशक्त झाली की चित्र मरत नाही, आजारी पडते. आधी रंग जातो, मग मुंग्या येतात, आवाज खरखरतो, तरी माणूस ओळखू येतो. पाण्याच्या टाकीवरून किंवा कारखान्याच्या शेडवरून परतलेली लहर उशिरा पोहोचली की प्रत्येक माणसामागे त्याची सावली. एमआयडीसीत पत्र्याच्या शेडना काय तोटा? ‘रामायण’ लागायचे त्या रविवारी सकाळी मी किती गच्च्यांवर अँटेना फिरवल्या, त्याची गणती नाही. खालून आवाज यायचा, ‘आलं, आलं! गेलं!’

डिजिटलमध्ये चित्राचे आकडे करून पाठवतात. आकडा एक तर बरोबर पोहोचतो, नाही तर पोहोचत नाही. थोडी चूक असेल तर खोके ती दुरुस्त करून घेते. चूक जास्त झाली की चित्राचे चौकोनी तुकडे होतात, गोठते आणि काळे पडते. आजारपण नाही, थेट मरण. दुसरा फरक जागेचा. एका अ‍ॅनालॉग वाहिनीला सात-आठ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा लागतो. त्याच आठ मेगाहर्ट्झमध्ये डिजिटल पद्धतीने सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट माहिती केबलमधून जाते, म्हणजे साध्या दर्जाच्या दहाहून अधिक वाहिन्या. तिसरा फरक कुलपाचा, आणि माझ्या मते खरा फरक तोच. आकड्यांना कुलूप घालता येते आणि प्रत्येक घराला वेगळी किल्ली देता येते. अ‍ॅनालॉग तारेत जे वाहते ते तारेला जो जोडला जाईल त्याचे.

ही तार आमच्याकडे आली ती व्हीसीआरच्या पाठोपाठ. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एखादा हुन्नरी पोरगा आपल्या घरात व्हीसीआर लावी आणि वायर टाकून चार-दोन बिल्डिंगना रात्रीचा सिनेमा दाखवी. १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध सुरू झाले, उपग्रहावरून सीएनएन दिसते ही बातमी पसरली. त्याच वर्षी स्टार आले, २ ऑक्टोबर १९९२ ला झी. मग गच्च्यांवर जाळीच्या मोठ्या छत्र्या दिसू लागल्या. भोसरी, चिखली, मोशी, वाकड इथल्या केबलवाल्यांत गावकीतली पोरे पुष्कळ होती. साठच्या दशकापासून एमआयडीसीत आणि कंपन्यांत जमिनी गेलेली घरे. कंपनीत नोकरी लागली नाही, हातात थोडा पैसा, गावात ओळख. वायर कोणाच्याही भिंतीवरून न्यायची तर ओळखच लागते. या धंद्याला गुंडगिरीचा वास होता, हे मी नाकारत नाही. हद्दीवरून मारामाऱ्या होत, रात्रीतून दुसऱ्याची वायर कापली जाई. पण पावसाळ्यात वीज पडून सगळ्या गल्लीचे अ‍ॅम्प्लिफायर जळाले की भिजत खांबावर चढणाराही तोच असे.

१९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स नियमन कायदा आला. केबलचालकाने नोंदणी करायची ती हेड पोस्टात, वर्षाची फी ५०० रुपये. पूर्वी रेडिओ आणि टीव्हीचे परवाने पोस्टातच मिळत, तसेच हे.

आता पैशाची साखळी. वर वाहिनीचा मालक. मधे ‘एमएसओ’, म्हणजे उपग्रहावरून वाहिन्या उतरवून घेऊन केबलमध्ये सोडणारी मोठी कंपनी. खाली गल्लीतला केबलचालक, जो घरोघर वायर देतो आणि महिन्याला पैसे गोळा करतो. पैसे घरातून वर जायला हवेत ते जोडण्यांच्या संख्येप्रमाणे. पण जोडण्या किती, हे वरच्यांना कळणार कसे? तारेत मोजमाप नाही. म्हणून केबलचालक सांगेल तो आकडा, घासाघीस होऊन ठरेल तो आकडा. त्यात राज्य सरकारचा करमणूक कर : महापालिकेच्या हद्दीत जोडणीमागे महिना ४५ रुपये, वसुली जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. वही देणारा केबलचालक मला मोकळेपणी म्हणाला, “दादा, आकडे तीन असायचे. एक वहीतला, एक कंपनीला सांगायचा, एक करमणूक कराचा. तिन्ही लक्षात ठेवायचे म्हणजे डोकं लागतं.”

याला चोरी म्हणावे का? म्हणावेच लागेल. पण वाहिन्यावालेही धुतल्या तांदळाचे नव्हते. जुन्या टीव्ही संचांत ठरावीकच चॅनेल धरत, तेही खालच्या फ्रीक्वेन्सीचे स्वच्छ दिसत. त्या जागेवर आपली वाहिनी यावी म्हणून वाहिन्या एमएसओंना पैसे मोजत. तार भरलेली, जागा मोजक्या, म्हणून जागेला भाव. त्या पैशातले गल्लीत काय उतरले, ते या वहीत तरी कुठे दिसत नाही.

सरकारने आधी एक प्रयत्न केला होता. २००२ च्या दुरुस्तीने ‘कॅस’ आणले : सशुल्क वाहिन्या खोक्यातूनच पाहायच्या. ते २००३ मध्ये चेन्नईत लागू झाले आणि २००७ च्या सुरुवातीला मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या काही भागांत, तिथेच अडकले. ऑगस्ट २०१० मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ट्रायने, केबल पूर्णपणे डिजिटल करण्याची शिफारस केली. ऑक्टोबर २०११ मध्ये वटहुकूम, डिसेंबरात संसदेत कायदा. आता सशुल्क वाहिन्याच नव्हे, सगळेच खोक्यातून. सरकारची कारणे उघड लिहिलेली होती : पारदर्शक जोडणीसंख्या, करचुकवेगिरीला आळा, प्रेक्षकाला निवड, अधिक वाहिन्या. माझ्या वाचनात पहिली दोन कारणे खरी आणि उरलेली दोन त्यांच्याबरोबर आलेली.

टप्पे चार ठरले. पहिला दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई. आधीची तारीख ३० जून २०१२, ती पुढे ३१ ऑक्टोबर झाली. दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरे, तारीख ३१ मार्च २०१३. या ३८ पैकी नऊ महाराष्ट्रातली : पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर, ठाणे, नाशिक, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, औरंगाबाद, सोलापूर. पिंपरी-चिंचवडचे नाव पुण्याच्या पोटात नाही, स्वतंत्र आहे. आमच्याकडे याचा काहींना अभिमानही वाटला. तिसऱ्या टप्प्यात उरलेली नागरी क्षेत्रे, म्हणजे नगरपालिकांची गावे, आणि चौथ्यात उरलेला सगळा देश. या शेवटच्या दोन्ही तारखा पुढे सरकत गेल्या. तिसरा टप्पा ३१ डिसेंबर २०१५ ला ठरला, चौथा ३१ डिसेंबर २०१६ आणि मग ३१ मार्च २०१७ पर्यंत गेला.

हे टप्पे नकाशावर मांडून पाहिले आणि मी चकित झालो. देहूपासून आळंदीपर्यंत इंद्रायणीच्या काठाने चालत गेलात तर तीन टप्पे लागतात. देहू त्या वेळी ग्रामपंचायत, म्हणजे चौथा. तळवडे, चिखली, मोशी महापालिकेत, म्हणजे दुसरा. आळंदी जुनी नगरपरिषद, म्हणजे तिसरा. मोशीचा पूल ओलांडला की चिंबळी, खेड तालुका, पुन्हा चौथा. अधिसूचना निघाली तेव्हा चाकणही ग्रामपंचायतच होते. जगातल्या मोठमोठ्या मोटार कंपन्यांचे कारखाने शिवारात, पण केबलच्या लेखी ते खेडे.

मोशी दुसऱ्या टप्प्यात का आली? कारण सप्टेंबर १९९७ मध्ये महापालिकेची हद्द वाढली आणि मोशी, चिखली, तळवड्यासह अठरा गावे आत घेतली गेली. तेव्हा पाणी, रस्ते, घरपट्टी यांवर वाद झाले. सोळा वर्षांनी हीच रेघ टीव्हीवर मुंग्या कोणाकडे आणि खोके कोणाकडे हे ठरवील, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

३१ मार्च २०१३ ला रविवार होता. होळी नुकतीच झालेली, मुलांच्या परीक्षा चाललेल्या आणि तीनच दिवसांनी, ३ एप्रिलला, आयपीएल सुरू होणार. मुदतीचा धाक सरकारी जाहिरातींपेक्षा या आयपीएलने जास्त घातला. आपला पुणे वॉरियर्स संघ घरचे सामने गहुंजेला खेळे, आणि गहुंजे मावळात, महापालिकेच्या बाहेर. त्या हिशेबाने स्टेडियमच्या गावात अ‍ॅनालॉग चालू राहणार आणि निगडीत बंद होणार. यावरून त्या वेळी आमच्या दुकानावर बरेच विनोद झाले.

त्यात २८ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात आयात सेट टॉप बॉक्सवरचे सीमाशुल्क पाच टक्क्यांवरून दहा टक्के केले होते. देशी उत्पादनाला उत्तेजन हा हेतू. पण सक्तीच्या तारखेला एक महिना उरला असताना! आमच्या भागात खोक्यापोटी हजार रुपयांच्या आसपास घेतले जात होते. ते कोणी भरायचे, तर ग्राहकाने. अमेरिकेत १२ जून २००९ रोजी मोठी अ‍ॅनालॉग केंद्रे बंद झाली तेव्हा तिथल्या सरकारने प्रत्येक घराला मागणीप्रमाणे चाळीस डॉलरची दोन कुपने दिली होती. ब्रिटनने २००७ मध्ये व्हाइटहेवन या गावापासून सुरुवात करून २४ ऑक्टोबर २०१२ ला काम संपवले आणि पंच्याहत्तरीपुढच्या वृद्धांसाठी घरी माणूस पाठवून जोडून देण्याची योजना ठेवली. जपानने २४ जुलै २०११ ही तारीख पाळली, पण भूकंप आणि त्सुनामीत सापडलेल्या तीन प्रांतांना ३१ मार्च २०१२ पर्यंत सूट दिली. अर्थात तिकडे बंद झाली ती अँटेनाची अ‍ॅनालॉग लहर, आणि ती बंद करून मोकळा झालेला पट्टा सरकारांना मोबाइल कंपन्यांना विकायचा होता. कुपनांचा खर्च त्यातून निघे. आपल्याकडे आधी बंद झाली ती केबलमधली अ‍ॅनालॉग लहर. तिच्यातून कोणता पट्टा मोकळा व्हायचा नव्हता, फक्त आकडा मोकळा व्हायचा होता. मग कुपन कोण देणार?

एप्रिलचा पहिला आठवडा मला चांगला आठवतो, कारण दुकानात बसायला जागा नव्हती. लोक टीव्ही दुरुस्तीला आणत आणि टीव्ही बिघडलेला नसे. खोक्यातून पिवळी, लाल, पांढरी अशा तीन पिना येत आणि जुन्या संचाला मागे तशी छिद्रेच नसत. फक्त अँटेनाचे एक भोक. त्यांच्यासाठी आरएफ मॉड्युलेटर नावाची डबी लागे. ती खोक्यातून आलेल्या चित्राची पुन्हा अ‍ॅनालॉग लहर करून टीव्हीला देते. म्हणजे घरात डिजिटल आणून दारातच त्याचे अ‍ॅनालॉग करायचे. मी तशा पुष्कळ डब्या बसवल्या. दोन रिमोट कोणाला समजत नव्हते. नेहरूनगरच्या एका आजी रोज नातवाची वाट पाहत, कारण पहिल्या रिमोटने टीव्ही लागे आणि दुसऱ्याने सह्याद्री. मधूनच पडद्यावर लांबलचक आकडा उमटे आणि लोक घाबरत. तो त्या खोक्याचा क्रमांक. चोरून वाहिनी पुढे दिली तर कोणत्या खोक्यातून ती गेली हे शोधण्यासाठी. मी समजावून सांगत असे, पण एका मावशींचे म्हणणे मला पटले होते : “आपल्याच घरात आपलीच हजेरी!”

आता वहीतल्या त्या पेन्सिलीच्या आकड्यांकडे येतो. मोशी, चिखली, कुरुळी, चाकण इथे कामगारांच्या खोल्या म्हणजे एका रांगेत दहा-बारा दारे, मागे सामाईक नळ. मालक केबलची एक जोडणी घेई आणि दहा-वीस रुपयांचा स्प्लिटर लावून ती सहा खोल्यांत फिरवी. गोलातला ६ म्हणजे तेच. केबलचालकाला हे माहीत असे; तो मालकाकडून एका जोडणीपेक्षा थोडे जास्त घेई. खोलीतली चार-पाच पोरे, कोणी बीडचे, कोणी लातूरचे, कोणी सिवानचे, मिळून चौदा इंची जुना टीव्ही घेत. केबलचा खर्च माणशी चहाच्या पैशात. कायद्याच्या भाषेत ही चोरीची जोडणी. पण कंत्राटी कामावर तीन पाळ्यांत राबणाऱ्या या पोरांसाठी गावाबाहेर पडून गावातच राहण्याची ती एक सोय होती.

खोके आल्यावर स्प्लिटर मेला. एक खोके, एक खोली. शिवाय प्रत्येक जोडणीसाठी ग्राहक अर्ज : नाव, पत्ता, ओळखीचा पुरावा, कोणत्या वाहिन्या हव्यात त्यांवर खुणा. भाडेकरार नसलेल्या पोराने पत्त्याचा पुरावा कुठून आणायचा? काही मालकांनी सगळी खोकी आपल्या नावावर घेतली आणि भाड्यात शंभर-दोनशे चढवले. काहींनी केबलच काढली. पोरे चाकणच्या बाजारातून फ्री डिशची छत्री घेऊन आली. प्रसारभारतीने १६ डिसेंबर २००४ ला डीडी डायरेक्ट प्लस म्हणून सुरू केलेली ही सेवा; एकदा छत्री-खोक्याचे पैसे दिले की महिन्याला काही नाही, अर्ज नाही, पुरावा नाही. मोजणीसाठी आणलेल्या कायद्याने या माणसांना मोजणीबाहेरच्या छत्रीखाली ढकलले. आजही चाकण-म्हाळुंगे रस्त्याला खोल्यांच्या रांगांवर पाहा, छोट्या छत्र्यांची रांग दिसेल.

पुलाचे काय झाले? वहीच्या मालकाची वायर मोशीतून पलीकडे चिंबळीत गेली होती. एप्रिल २०१३ नंतर अलीकडे अ‍ॅनालॉग द्यायचे नाही, पलीकडे दिले तरी चालते. तो मला म्हणाला, “एकाच कंट्रोल रूममधून इकडं खोकं आणि तिकडं मुंग्या.” पलीकडचे लोक म्हणत आम्हाला खोके कधी? अलीकडचे म्हणत त्यांना खोके नसताना दीडशेत दिसते, आम्हालाच का भुर्दंड? काही गिऱ्हाइकांनी पलीकडच्या पाहुण्याच्या घरून वायर मागितली. नदी मधे नसती तर त्यांनी ओढलीही असती. दुसऱ्या टप्प्याची मुदत आणि चौथ्याची शेवटची मुदत यांत बरोबर चार वर्षांचे अंतर पडले.

इथे माझी एक चूक कबूल करतो. २०१२ च्या गणपतीत आमच्या मंडळात माझे छोटे भाषण झाले. डिजिटलमुळे आपण पाहू तेवढ्याच वाहिन्यांचे पैसे द्यावे लागतील, बिल कमी होईल, असे मी ठासून सांगितले. तंत्र तसे करू शकत होते. धंद्याने तसे केले नाही. पुष्कळ वर्षे पॅकेजच चालली. वाहिनीनिहाय निवड खरोखर लागू झाली ती ट्रायच्या नव्या दरपत्रकाने, १ फेब्रुवारी २०१९ पासून : शंभर वाहिन्यांपर्यंत जोडणीचे १३० रुपये, त्यावर कर धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांचे बिल त्यानंतर वाढले. मंडळातली पोरे मला त्या भाषणाची आठवण अजून करून देतात.

केबलचालकाचे काय? त्याच्या तीन आकड्यांचा एक झाला आणि तो एमएसओच्या संगणकात गेला. गिऱ्हाईक कोणाचे, हा वाद तिथून पेटला. वीस वर्षे वायर सांभाळणारा म्हणे माझे. संगणक म्हणे ज्याचे कुलूप त्याचे. थकबाकी झाली की वरून बटण दाबून अख्ख्या गल्लीचा पडदा काळा होऊ लागला, आणि शिव्या खायला दारात उभा हाच. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आल्यावर जोडणीमागचा करमणूक करही त्यात विरला. ज्यांना जमले ते केबलचालक पुढे इंटरनेटची फायबर ओढू लागले. त्याच खांबांवरून, त्याच भिंतींवरून.

अँटेनाचा शेवट मात्र कोणाच्या लक्षातही आला नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने अँटेनावरचे डिजिटल प्रक्षेपण १६ शहरांत सुरू झाल्याचे जाहीर केले. त्यांत मुंबई आणि औरंगाबाद होती, पुणे नव्हते. आणि अ‍ॅनालॉग प्रक्षेपक एकेक करून बंद करत आणून, मोक्याच्या जागचे सुमारे ५० सोडता उरलेले ३१ मार्च २०२२ पर्यंत थांबवण्याचे वेळापत्रक प्रसारभारतीने आखले. पुन्हा ३१ मार्चच! केबल बंद होताना आयपीएल होते, आरडाओरडा होता, दुकानात गर्दी होती. अँटेनाबद्दल विचारायला माझ्याकडे एकही माणूस आला नाही. दक्षिणतोंडी काड्या कधीच भंगारात गेल्या होत्या. उरलेल्यांवर लोक कपडे वाळत घालत. त्याच वर्षीच्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइलसाठी विकला गेला. एके काळी हा पट्टा दूरचित्रवाणीसाठी राखलेला होता.

जुन्या केबलच्या कंट्रोल रूममध्ये प्रत्येक वाहिनीला एक मॉड्युलेटर असे. लोखंडी कपाटात एकावर एक रचलेले, प्रत्येकावर चिकटपट्टीवर वाहिनीचे नाव. हे कपाट मला जसेच्या तसे कुठे सापडेल म्हणून मी चिखलीच्या कुदळवाडीतली भंगाराची गोदामे बरीच हिंडलो. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली बांधकामे पाडली. त्याआधी तीन मॉड्युलेटर मिळाले होते, किलोच्या भावाने. सेट टॉप बॉक्सची मात्र तिथे पोतीच्या पोती होती. पहिल्या पिढीची ती खोकी, एमपेग-२ वाली, दुसऱ्या कंपनीच्या तारेवर चालत नाहीत. कंपनी बदलली की खोके निकामी. त्यांच्यावर नाव कोणाचेच नव्हते, फक्त आकडा.

केबलचालकाकडे मी मार्च २०१३ नंतरची वही मागितली. ती नाही, कारण ती कधी लिहिलीच गेली नाही. एप्रिलपासून त्याला महिन्याच्या शेवटी कंपनीकडून छापील यादी येऊ लागली : कार्ड क्रमांक, खोके क्रमांक, रक्कम. आपल्या गिऱ्हाइकांना ओळखता यावे म्हणून पहिल्या यादीच्या समासात त्याने पेनाने लिहून ठेवले होते, ‘मास्तर’, ‘गिरणीवाले’. ‘बिहारी वरचा मजला’ त्या यादीत नव्हते.